गॅस भरून घ्या

मे महिन्यात, पुण्यात, गाडीत हीटर. बटण निळ्याकडे फिरवा नाहीतर लालकडे, तोंडावर झळच. पंधरा दिवसांपूर्वी याच दुखण्यावर एसीत अठराशे रुपयांचा गॅस भरून घेतला होता. गॅरेजवाल्याने बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. गाडीला काही झालं की गॅस. माणसाच्या छातीत दुखलं तरी गॅसच म्हणतात, पण तिथे निदान चिमूटभर ओव्यावर भागतं.

म्हणून रविवारी सकाळी इंजिन चालू ठेवून डावीकडचा कप्पा काढला आणि डोकं डॅशबोर्डखाली घातलं. पाय दाराबाहेर. ही अवस्था बघून आमच्या विंगमधले काका थांबले. हातात दुधाची पिशवी.

"काय, गाडी धुताय?"

"नाही काका, हीटर बंद होत नाहीये."

"उन्हाळ्यात हीटर कशाला लावता?"

"लावत नाहीये. लागतोय."

"मग बंद करा."

उलटं पडून वाद घालता येत नाही, रक्त आधीच डोक्यात असतं. तोवर काका ड्रायव्हरच्या सीटवर विराजमानही झाले होते. पिशवी डॅशबोर्डवर, हात जाळीसमोर.

"गॅस भरून घ्या."

"भरलाय."

"मग जास्त झाला असेल."

पुढे त्यांच्या पद्मिनी गाडीचा विषय निघाला. तिला एसी नव्हता, पण खिडकीला ती त्रिकोणी काच होती. ती जरा तिरकी केली की खंडाळ्याच्या घाटात कानटोपी घालावी लागे, असं काका म्हणाले. हे मात्र खरं आहे. ती काच काढून टाकणाऱ्या माणसाला मलाही एकदा भेटायचंय. तिला तार नव्हती, झडप नव्हती आणि कुणी तिच्यात अठराशेचा गॅस भरत नव्हतं.

आमच्या गाडीत डॅशबोर्डच्या पोटात एक छोटा रेडिएटर आहे. इंजिनाचं नव्वदएक अंशांचं पाणी त्यातून बारा महिने फिरतं. एसीची गार हवा त्यातून जाऊ द्यायची की बाजूने, हे एक प्लास्टिकची झडप ठरवते आणि झडपेला हलवते बटणापासून आलेली एक तार. एवढंच. पण अंधारात, घाम डोळ्यांत जात असताना, ही तार कुठली नि ती कुठली, काही कळेना. वर काका बटणांशी खेळत होते. पायांवर, तोंडावर, मग काचेवर. "काचेवर छान जोरात येतंय हो," म्हणाले आणि ते तिथेच ठेवलं. मग निळं-लाल बटण इकडून तिकडे फिरवायला लागले. मी ओरडणार, तेवढ्यात नाकापुढची एक तार सरकली. तार सरकली, झडपेचा दांडा जागचा हलला नाही. टोकाची क्लिप तुटली होती. दोन रुपयांचंही प्लास्टिक नसेल ते.

तार दांड्यावर बसवली, वर केबल टाय आवळला. गार वारा आला. मी बाहेर येऊन कोपर चोळत होतो, काका आत दार लावून डोळे मिटून बसले होते. दहा मिनिटांनी काच खाली झाली.

"बघा, मी बटण फिरवलं म्हणून सापडलं."

हे खरं असल्यामुळे जास्तच झोंबलं.

संध्याकाळी बेल वाजली. काका.

"आमचं दूध फाटलं हो तापवताना. तुमच्या हीटरवर होतं ना सकाळभर."

काचेवरची झळ कुणी लावली होती, हे तोंडावर आलं होतं. पण बायको माझ्याआधी फ्रिजपाशी पोचली. अर्धा लिटर गेलं. दुसऱ्या दिवशी काकू लिफ्टमध्ये भेटल्या.

"तुमच्याकडे म्हशीचं घेता का? यांना रात्रभर गॅसेस झाले."