बर्फ तोच, उतार तोच, पण शिकवणं तेच नाही

‘बर्फ तोच, उतार तोच, तोल तोच. स्नोबोर्ड शिकवणाऱ्याला आठवडाभर स्कीवर उभं करा, तो स्कीइंगही शिकवेल.’ हा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. सोबत कारणंही दिली आहेत. मी नऊ वर्षं स्नोबोर्ड शिकवतोय आणि गेले दोन हंगाम स्कीइंग शिकवायला शिकतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, तोल तोच. माझा सगळ्यात जास्त घाम इथेच गळला. स्नोबोर्डवर आपण आडवे उभे असतो, दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. कडा दोनच, एक टाचेची, एक चवड्याची. वळताना अख्खं अंग वळणाच्या आत कललं तरी चालतं, कारण दोन्ही पायांचा भार एकाच कडेवर पडतो. स्कीवर फळ्या दोन आणि कडा चार. वळणात बहुतेक भार बाहेरच्या स्कीवर हवा. तिथे अंग आत झोकलं की भार आतल्या स्कीवर जातो, बाहेरची हलकी होते आणि सटकते. पाय आत कलायला हवेत, पण छाती बाहेरच्या पायावरच राहायला हवी. ऐकायला सोपं आहे. मला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा दोन्ही काठ्या छातीसमोर आडव्या धरायला लावल्या आणि म्हणाल्या, ‘उताराला समांतर ठेवा.’ प्रत्येक डाव्या वळणाला काठ्यांचं डावं टोक खाली झुकत होतं आणि मला पत्ताही नव्हता. मला वाटत होतं, मी सरळ आहे.

खांद्यांचंही तसंच. नवशिक्या स्नोबोर्डरला आपण सांगतो, जिकडे जायचंय तिकडे बघ, पुढचा खांदा उघड. फळी मागोमाग येते. स्कीवर पाय कमरेखाली वळतात आणि वरचं अंग शांत राहतं. सवयीने मी एका विद्यार्थ्याला ‘खांदा वळवा’ म्हणून गेलो. त्यांनी मनापासून वळवला, स्कीची मागची टोकं फेकली गेली आणि ते आडवे झाले. चूक त्यांची नव्हती, माझ्या तोंडून निघालेल्या वाक्याची होती.

दुसरा मुद्दा चेक खेळाडू एस्तर लेदेत्स्काचा. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये तिने १७ फेब्रुवारीला स्कीइंगच्या सुपर-जी या वेगवान उतार-शर्यतीत सुवर्ण जिंकलं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाने, आणि २४ फेब्रुवारीला स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लालममध्येही (यात दोघे शेजारी-शेजारी शर्यत करतात). ही कामगिरी आठवली की अजूनही अंगावर काटा येतो. पण तिच्यावरून ‘एक आलं की दुसरं आपोआप येतं’ असं सिद्ध होत नाही. ती लहानपणापासून दोन्ही करत आली आहे आणि दोन्हींसाठी तिला वेगवेगळे प्रशिक्षक होते. शिवाय तिने शर्यत जिंकली, वर्ग घेतला नाही.

तिसरा मुद्दा असा की शिकवण्याची हातोटी एकदा आली की ती कुठेही चालते. यात तथ्य आहे. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, बर्फ कुठे कडक झालाय, वर्ग कुठे थांबवायचा की वरून येणाऱ्यांना दिसेल, हे सगळं माझ्याबरोबर आलं. पण पडण्याचं काय? स्नोबोर्डर पडला की बहुधा मनगट दुखावतं, म्हणून आम्ही पहिल्याच तासाला सांगतो, हात पसरू नका, मूठ वळा. भीती वाटली तर टाचेच्या कडेवर या आणि खाली बसा. नवशिक्यासाठी हा चांगला सल्ला आहे. हाच सल्ला स्कीवर दिला तर घात होतो. मागे बसलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, ताबा सुटतो, आणि कंबर गुडघ्यांच्या खाली गेलेली असताना खालची स्की आत वळली तर गुडघ्यातला लिगामेंट तुटू शकतो. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारी पकड, पडताना सुटतं खरं, पण ते मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला आहे, गुडघ्याची हमी ते देत नाही. स्नोबोर्डचं बाइंडिंग तर सुटतच नाही. म्हणजे ज्या वाक्याने मी वर्षानुवर्षं लोकांना सुरक्षित ठेवलं, तेच आता मला जाणीवपूर्वक गिळावं लागतं.

चौथा मुद्दा, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं वेगळी ठेवणं हा निव्वळ पैशांचा खेळ, असं त्या मजकुरात म्हटलंय. कॅनडात स्की प्रशिक्षकांची संघटना १९३८पासून आहे आणि स्नोबोर्ड प्रशिक्षकांची वेगळी आहे. वर जे सांगितलं ते पाहता परीक्षा वेगळ्या नसत्या तरच मला काळजी वाटली असती.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘पहिल्या दिवशी शिकवायचं असतं काय? फक्त स्नोप्लाउ!’ म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, मुलांच्या भाषेत पिझ्झाचा तुकडा. तो स्वतः करायला मला एक सकाळ पुरली. पण सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा उतारावर निघतं तेव्हा प्रशिक्षक त्याच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलटा घसरत असतो. वेग त्याच्याइतकाच ठेवायचा, गरज पडलीच तर त्याच्या स्कीची पुढची टोकं हाताने जवळ धरायची, आणि अधूनमधून मान वळवून मागे कोणी नाही ना हे पाहायचं. उलट जाताना स्कीची मागची टोकं जवळ आणि पुढची लांब, म्हणजे पिझ्झा उलटा. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा चार मीटरवर माझ्या स्कीची टोकं एकमेकांवर चढली आणि मी पाठीवर आपटलो. समोर मूल नव्हतं, सहकारी होता, म्हणून निभावलं. त्यानंतर अख्खा हंगाम रोज लिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी सपाटीलगतच्या उतारावर तेवढंच करत होतो, आणि मग कुठे मला पहिलं मूल सोपवलं गेलं.