यक्ष समितीने नेला नाही

कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यांतला आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला दगडी यक्ष, त्याचा फोटो आणि त्याखाली लांबलचक मजकूर, असा एक निरोप सध्या कन्नड-खुलताबादपासून पार लातूर-नांदेडपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. मला तो पहिल्यांदा मावसभावाने पाठवला. खाली त्याने विचारलं होतं, "दादा, तू दिल्लीला जाऊन बघून आलास ना? खरं आहे का हे?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो, कारण त्यानंतर तोच मजकूर मला आणखी दोघांकडून आला.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा कारभार एक सल्लागार समिती चालवते. तिच्यात मराठवाड्याचा माणूस नाही, म्हणून तिने आपला यक्ष उचलून नेला. तिच्या मनात आलं तर ती वस्तू विकूही शकते. आपला एक माणूस तिथे बसवला की यक्ष परत येईल. आणि तोवर शेतात काही सापडलं तर कुणाला सांगू नका, नाहीतर तेही दिल्लीला जाईल.

यातली खंत मला मनापासून पटते. दिल्लीत काचेपलीकडे आपल्या कन्नड तालुक्याचं नाव वाचलं तेव्हा माझ्याही घशाशी काहीतरी आलं होतं. पण खंत खरी असली म्हणून माहिती खरी ठरत नाही, आणि शेवटचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे.

"कारभार सल्लागार समिती चालवते"

नाही चालवत. राष्ट्रीय संग्रहालय हे केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचं अधीनस्थ कार्यालय आहे. पैसा मंत्रालयाकडून येतो, महासंचालकाची नेमणूक सरकार करतं, आणि या पदाचा अतिरिक्त कार्यभार अनेकदा एखाद्या सनदी अधिकाऱ्याकडे राहिलेला आहे. कोणती वस्तू विकत घ्यावी, तिची किंमत योग्य आहे का, अशा प्रश्नांवर मत द्यायला जाणकारांच्या समित्या असतात. त्या मत देतात. सही सरकारची असते.

हा फरक समजायला लांब जायला नको. आपण १९५६ पर्यंत ज्या राज्यात होतो, त्या हैदराबादचंच उदाहरण घ्या. सालारजंग संग्रहालयासाठी संसदेने १९६१ साली वेगळा कायदा केला. कारभार विश्वस्त मंडळाकडे दिला. राज्यपाल त्याचे पदसिद्ध अध्यक्ष, शिवाय केंद्र सरकार, राज्य सरकार आणि उस्मानिया विद्यापीठ यांचे प्रतिनिधी, आणि सालारजंग घराण्यातला एक सदस्य. कोण बसणार हे कायद्यानेच ठरवून टाकलं. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमला १९१० चा कायदा आहे, व्हिक्टोरिया मेमोरियलला १९०३ चा. या दोन संस्थांची नावं तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्र सूचीच्या ६२ व्या नोंदीत, थेट लिहिलेली आहेत.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं नाव त्या नोंदीत नाही. खरं तर घटना लागू व्हायच्या आधीच, १५ ऑगस्ट १९४९ ला, ते राष्ट्रपती भवनातल्या दालनांत सुरू झालं होतं. लंडनला १९४७-४८ मध्ये भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथून परत आलेल्या वस्तू राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या आणि त्याच पुढे संग्रहालयाचा पाया ठरल्या. सुरुवातीला कारभार पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांकडे होता. १९५७ साली तो वेगळा झाला. आजची इमारत १८ डिसेंबर १९६० ला खुली झाली. नाव 'राष्ट्रीय', पण रचना सरकारी कचेरीची. म्हणून 'समितीने ठरवलं' असं म्हणणं म्हणजे तहसीलचा निर्णय ग्रामसभेच्या माथी मारण्यासारखं आहे. मंत्रालयाला जाब विचारायचा तर मंत्रालयालाच विचारावा लागेल. समितीवर राग काढत बसलो तर मंत्रालय आपोआप सुटतं, आणि या मजकुरामुळे नेमकं तेच होतं आहे.

"समितीने यक्ष उचलून नेला"

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे आणि ती आपल्यालाच धड माहीत नाही.

सातमाळ्याच्या कुशीतली पितळखोऱ्याची लेणी अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची, सातवाहन काळातली. दरडी कोसळून तिथे दगडमातीचे ढीग साचले होते. १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते उपसले, त्याचा वृत्तांत म. न. देशपांडे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला. त्या उपशातून हत्ती, द्वारपाल आणि कितीतरी शिल्पखंड उजेडात आले. याच लेण्यांतला आपला यक्ष: ठेंगणा, पोट सुटलेला, डोक्यावर दोन्ही हातांनी भांडं तोलणारा, तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर एक ओळ कोरलेली आहे, 'कण्हदासेन हिरमकारेन कता'. कण्हदास नावाच्या सोनाराने केला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला कळतं, असं भारतीय शिल्पात किती वेळा घडतं? सोनाराने दगड घडवला, म्हणून तर त्याच्या गळ्यातल्या दागिन्यांवर एवढं बारीक काम आहे, असं मला तो समोर पाहताना सतत वाटत होतं.

आता तो दिल्लीला का गेला? पितळखोरा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. जुन्या संस्थानांतली महत्त्वाची स्मारकं १९५१ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आली. उपसा त्या खात्याने केला, वस्तू त्या खात्याच्या झाल्या. १९५७ पर्यंत राष्ट्रीय संग्रहालयही त्याच खात्याच्या प्रमुखांच्या हाताखाली होतं. या सगळ्या व्यवस्थेत वस्तू दिल्लीच्या दिशेने जाणं सोपं होतं.

हे तेव्हा बरोबर झालं का? माझं मत आहे, नाही. निदान त्याची एखादी चांगली प्रतिकृती लेण्याशी उभी राहायला हवी होती, आणि इथल्या लोकांना विचारायला हवं होतं. याच लेण्याच्या खांबांवर प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, माणसांनी दान दिल्याचे लेख आहेत. अत्तराचा धंदा करणाऱ्या कुळातल्या मितदेवाने एक खांब दिला. त्याने तिथे नाव कोरून ठेवलं आणि त्याच्या मुलखाला पुढे कुणी काही विचारलं नाही, हे मला टोचतं. पण ही चूक त्या काळच्या खात्याच्या पद्धतीची. आजच्या सल्लागारांनी रातोरात ट्रकमध्ये घालून नेल्याची कथा त्यावर रचली की खरी चूकही झाकली जाते.

"मनात आलं तर विकूही शकते"

याला थोडक्यात उत्तर पुरे आहे. पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा आहे, अंमल १९७६ पासून. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेला. खरेदीची समिती वस्तू आत घ्यायच्या वेळी मत देते. संग्रहातली वस्तू विकायला काढणं हे तिचं कामच नाही. राष्ट्रीय संग्रहालयावर टीका करायची असेल तर नोंदींवर करा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली स्मारकं आणि पुरावस्तूंच्या जतनावर अहवाल दिला, त्यात देशातल्या मोठ्या संग्रहालयांतल्या वस्तूंच्या प्रत्यक्ष पडताळणीवर बोट ठेवलं आहे. दोन लाखांहून जास्त वस्तू असलेल्या ठिकाणी प्रत्येक वस्तू नोंदवहीप्रमाणे जागेवर आहे का, हा प्रश्न 'विकली' या अफवेपेक्षा कितीतरी मोठा आहे. रायसिना टेकडीवरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकमध्ये 'युगे युगीन भारत' हे नवं राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं आहे. वस्तू हलवायची वेळ येईल तेव्हा तर हा प्रश्न रोज विचारावा लागेल.

"आपला माणूस बसवला की यक्ष परत"

समितीत प्रदेशवार जागा नसतात. शिल्प, नाणी, हस्तलिखितं अशा विषयांचे जाणकार घेतले जातात. उद्या पैठणचा एखादा नाण्यांचा अभ्यासक तिथे गेला तर मला आनंदच होईल, पण तो यक्ष खांद्यावर टाकून आणणार नाही, आणि आणू पाहिलं तर ते त्याच्या अधिकाराबाहेरचं असेल.

वस्तू हलतात, पण त्या सरकारच्या निर्णयाने आणि ठरावीक मुदतीसाठी हलतात. २०१७ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्यासह मोठं प्रदर्शन भरलं, दोनशेहून अधिक वस्तू एकत्र आल्या आणि नंतर ते प्रदर्शन दिल्लीला गेलं. २०२४ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयातले, उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाला सापडलेले बुद्ध-अवशेष दर्शनासाठी थायलंडला नेऊन परत आणले. बुद्धाचे अवशेष बँकॉकला जाऊन येऊ शकतात तर पितळखोऱ्याचा यक्ष तीन महिन्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला का येऊ नये? हा प्रश्न मी अगदी गंभीरपणे विचारतो आहे. त्यासाठी पाहुण्या वस्तूला लागणारी सुरक्षा, विमा, वस्तू उतरवून घेणारे प्रशिक्षित हात आणि जबाबदार अभिरक्षक आपल्याकडे असायला हवेत. राज्य सूचीच्या १२ व्या नोंदीप्रमाणे राज्याची संग्रहालयं हा राज्याचा विषय आहे, तेव्हा ही तयारी दिल्लीने करायची नाही, मुंबईने आणि आपण करायची आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या, मग माझं म्हणणं कळेल. रामलिंगप्पा लामतुरे या एका माणसाने पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीतून निघालेल्या हजारो वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि पुढे तो संग्रह राज्य शासनाकडे आला. मणी, मृण्मूर्ती, साचे, आणि ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीचा हस्तिदंती तुकडा मिळाला. रोमशी व्यापार करणारी गावं आहेत ही! त्यांच्या वस्तूंबद्दल कुणाचा सल्ला घेतला जातो, कोण बसतं, कधी भेटतं, हे आपण कधी विचारलं का? मी स्वतः मराठवाड्यातल्या एका छोट्या संग्रहालयात गेलो होतो तेव्हा दोन दालनं बंद होती, किल्लीवाले रजेवर होते, आणि अभिप्रायाच्या वहीत माझ्या आधीची नोंद कित्येक महिन्यांपूर्वीची होती. त्यावर कुठलाही मजकूर फिरला नाही.

"शेतात काही सापडलं तर कुणाला सांगू नका"

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आपल्या शेतकऱ्यांना थेट अडचणीत ढकललं आहे. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाला १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. कुणा जुन्या मालकाचा हक्क सिद्ध झाला नाही, आणि आपसात दुसरा काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यावी लागते. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

यात दिल्लीची समिती कुठेच नाही. तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग, एवढाच मार्ग. मोबदला आजच्या बाजाराच्या मानाने कमी आहे, हे मान्य. कायदा बदलायची मागणी करा, मी सही करेन. पण लपवलेली सातवाहन नाणी जातात कुठे? सराफाच्या मुशीत. नाहीतर अशा दलालाकडे, जो नाणं कुठल्या शेतातलं, कुठल्या थरातलं हे कधीच सांगणार नाही. नाणं राहिलं तरी गाव पुसलं जातं. दिल्लीतल्या यक्षाखाली निदान 'पितळखोरा' लिहिलेलं आहे. लपवलेल्या नाण्याखाली काहीच नसतं.

मावसभावाने शेवटी विचारलं, "मग करायचं काय, दादा?" माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४(१)(ख), खंड आठ. प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या सल्ल्यासाठी नेमलेली मंडळं आणि समित्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं पाहता येतात का, हे स्वतःहून जाहीर करायचं असतं. केलेलं नसेल तर दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आम्ही दोघांनी मिळून दोन अर्ज लिहिले आहेत. एक दिल्लीला: समित्यांची यादी, मागच्या पाच वर्षांची इतिवृत्तं, यक्षाची संग्रहालयातली नोंद कोणत्या तारखेची आणि तो कुणाकडून आला, आणि राज्यातल्या संग्रहालयाला वस्तू तात्पुरती द्यायची पद्धत काय. दुसरा मुंबईला, राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला: तेर आणि पैठणच्या संग्रहालयांसाठी सल्लागार समिती आहे का, असेल तर तिची शेवटची बैठक कधी झाली. सोमवारी कन्नडच्या टपाल कार्यालयातून दोन्ही स्पीड पोस्टने जातील.