क्रँकला एपॉक्सी भरायला निघालेला भाचा

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, एपॉक्सी कुठलं घेऊ? क्रँकमध्ये भरायचंय." क्रँक म्हणजे सायकलचं पेडल ज्याला बसतं तो दांडा, आणि एपॉक्सी म्हणजे घट्ट चिकटवणारा डिंक. मला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने एक फॉरवर्ड पाठवला: कंपनीची क्रँक-तपासणी म्हणजे डाव आणि नाटक, दुकानात जाऊ नका, फट दिसली तर एपॉक्सी भरा. 'अनुभवी मेकॅनिकचा सल्ला' असं वर लिहिलेलं, मेकॅनिकचं नाव अर्थातच नाही, आणि शेवटी 'प्रत्येक सायकलवाल्यापर्यंत पोहोचवा'. पोहोचला खरा. भाचा रोज पहाटे सायकल दामटवतो, म्हणून हे लिहायला बसलो.

विषय शिमानो या सायकलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या क्रँकचा. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी रिकॉलची, म्हणजे सदोष माल परत बोलावून तपासण्याची किंवा बदलून देण्याची, नोटीस काढली. अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या मालिकांमधले, ११ स्पीडचे, जुलै २०१९ च्या आधी बनलेले क्रँक. आतून पोकळ, दोन भाग चिकटवून केलेले. तो जोड सुटून क्रँक मोडू शकतो. असे क्रँक अमेरिकेत सुमारे ६,८०,०००, कॅनडात ८०,०००.

"नवे पार्ट खपवायचा कंपनीचा डाव," हा फॉरवर्डचा पहिला मुद्दा. तपासणी फुकट, जोड सुटलेला दिसला तर नवा क्रँक फुकट, दुकानदार तो बसवूनही देणार. खपवलं काय मग?

"सात लाखांत फक्त सहा जखमी." आकडा बरोबर आहे. पण त्याच नोटिशीत, त्या सहाच्या अगदी आधी, क्रँक सुटल्याच्या ४,५१९ घटना आहेत. तेवढंच नेमकं गाळलंय. शिवाय 'फक्त सहा' म्हणजे मोडलेली हाडं आणि निखळलेले सांधे. थोडक्या आकड्यावर निर्धास्त व्हायचं असेल तर ट्रेक या सायकल कंपनीचं २०१५ चं रिकॉल बघा. पुढचं चाक झटपट काढता-घालता यावं म्हणून असलेला क्विक रिलीजचा खटका जास्त उघडला तर डिस्क ब्रेकच्या चकतीत अडकू शकत होता. नोंद अवघ्या तीन अपघातांची, आणि त्यातल्या एका माणसाचे चारही हातपाय लुळे पडले.

आता एपॉक्सी. फॉरवर्ड म्हणतो, "फट दिसली तर दुकानात धावू नका, एपॉक्सी भरा, रात्रभर वाळू द्या, क्रँक नव्यासारखा." हे लिहिणाऱ्याने आयुष्यात काही चिकटवलंय का? कारखान्यात ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आधी स्वच्छ आणि तयार करतात, मगच डिंक लागतो. तुमच्या फटीत काय आहे? घामाचं मीठ, पाणी, वंगण, चिखल आणि गंजून पांढरी झालेली भुकटी. त्यावर एपॉक्सी ओतलं तर ते भुकटीला चिकटेल, धातूला नाही. आणि आत जाणार किती? बाहेरून दिसते ती फटीची कड. सुटलेला भाग खोल आत असतो, तिथे तुमची ट्यूब पोहोचतच नाही. चढावर उभं राहून पेडल मारताना अख्ख्या अंगाचं वजन त्या एका दांड्यावर येतं. तो तेव्हा मोडला तर पाय खाली, तोंड रस्त्यावर, आणि मागून कोण येतंय ते नशिबावर.

याहून वाईट पुढेच आहे. दुकानात तपासतात म्हणजे काय करतात? क्रँक धुऊन पुसून, चांगल्या उजेडात जोडाची रेघ शेवटपर्यंत बघतात, कुठे फट किंवा उचललेली कड आहे का ते. ती रेघच तुम्ही लिंपून टाकलीत, तर मेकॅनिकने बघायचं काय? भिंतीची ओल रंगाने झाकावी तसला प्रकार.

"आवाज नाही म्हणजे क्रँक ठीक" हेही सोडून द्या. कुरकुर बॉटम ब्रॅकेटची (क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगची) असते, पेडलची असते, सीटपोस्टची (सीटखालच्या नळीची) असते. आवाज येत असेल तर बघायलाच हवं, पण येत नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

"तपासणी म्हणजे नुसतं नाटक." इथे मात्र, नाइलाजाने का होईना, थोडं मान्य करतो. डोळ्यांना जोडाचा आतला भाग दिसत नाही. आज पास झालेला क्रँक पुढच्या पावसाळ्यानंतर सुटणार नाही, असं कोणताही मेकॅनिक छातीठोक सांगू शकत नाही. आणि कंपनी सरसकट सगळे क्रँक बदलत नाही, खुणा दिसल्या तरच बदलते. यावरून अमेरिकेत कोर्टबाजीही झाली. पण यातून निघतं काय? की एकदा तपासून थांबू नका, अधूनमधून बघत राहा. फॉरवर्डवाल्याने काढलंय की दुकानात जाऊच नका!

सेकंडहँड सायकलला रिकॉल लागू नाही, हाही शोध त्यात आहे. रिकॉल पार्टचं असतं, पावतीचं नाही.

भाच्याला सांगितलं, ट्यूब परत कर. क्रँकच्या मागच्या बाजूला, पेडल बसतं तिथे, दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. रिकॉलच्या यादीतले कोड 'केएफ' म्हणजे जून २०१२ पासून 'आरएफ' म्हणजे जून २०१९ पर्यंतचे. त्याच्या मध्ये असेल आणि मॉडेलही यादीत असेल, तर तपासणी होईपर्यंत सायकल भिंतीला टेकवून ठेव. नोटिशीतही तेच आहे, वापर ताबडतोब थांबवा.

"बघून फोटो पाठवतो" म्हणाला. दोन दिवस झाले, फोटो आलेला नाही. आज संध्याकाळी मीच जातोय, टॉर्च घेऊन.