गोळ्यांविषयी बोलल्याने गोळ्या सुटतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

नैराश्यावरील गोळ्या, त्यांनी वाढणारे वजन आणि त्या बंद करताना होणारा त्रास या विषयांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिच्यात तीन आक्षेप आहेत आणि एक काळजी आहे. पहिला आक्षेप असा, की वजन गोळ्यांमुळे वाढत नसून आजार ओसरल्यावर परतलेल्या भुकेमुळे वाढते. दुसरा असा, की गोळ्या थांबवल्यावर जे होते तो मूळ आजारच पुन्हा डोके वर काढत असतो, तेव्हा त्याचे खापर औषधावर फोडणे ही दिशाभूल आहे. तिसरा असा, की असले लेख वाचून माणसे गोळ्या टाकून देतात, म्हणून हा विषय डॉक्टरांच्या खोलीतच राहावा. काळजी आहे ती आपल्या धाकट्या भावाची. दोन वर्षे तो पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरील गोळी घेतो आहे, त्याचे वजन बरेच वाढले आहे आणि माझा लेख वाचल्यापासून ‘आता हे बंदच करतो’ असे तो म्हणतो आहे. त्याच्याविषयी शेवटी सविस्तर लिहिते. मात्र गोळी एकदम थांबवू नये, एवढे पुढचे काहीही वाचण्यापूर्वी त्याला सांगावे.

वजनाबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे आणि ते मूळ लेखातही होते. नैराश्यात अनेकांची अन्नावरची वासना उडते, माणूस वाळत जातो. गोळी लागू पडली की जेवण पूर्ववत होते आणि गेलेले वजन भरून येते. परंतु सगळ्या वाढीचे कारण एवढेच असते, तर जवळपास सारख्याच गुणकारी असलेल्या गोळ्यांनी वजनही सारखेच वाढायला हवे होते. तसे दिसत नाही. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन या नैराश्यावरील तीन औषधांची तुलना करणारा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे वजन 7 टक्के किंवा त्याहून अधिक वाढले अशांचे प्रमाण पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांत सुमारे 25 टक्के होते, तर उरलेल्या दोन्ही औषधांत ते 7 टक्क्यांच्या आत राहिले. आजार एक, बरे होणेही तेच, आणि वजनाचा काटा मात्र गोळीगणिक वेगळा, याचा अर्थ लावताना गोळीला वगळता येणार नाही.

यात दुसरीही बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर मी घाबरवते हा आपला आरोप खरा ठरेल. अमेरिकेतील 1,83,000 हून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून आठ औषधांची तुलना करणारा अभ्यास 2024 मध्ये आला. सर्ट्रालिनच्या तुलनेत एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन आणि ड्युलोक्सेटिन यांत वजन 5 टक्क्यांनी वाढण्याची शक्यता 10 ते 15 टक्क्यांनी अधिक होती आणि ब्युप्रोपिऑनमध्ये ती तेवढीच कमी होती. मात्र सहा महिन्यांनंतर सर्ट्रालिनच्या तुलनेत यातल्या कोणत्याही औषधाचा सरासरी फरक अर्ध्या किलोपेक्षाही कमी भरला. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ही भानगड लहानच असते. पण सरासरीत ज्याचे दहा किलो वाढले तो आणि ज्याचे दोन किलो उतरले तो असे दोघेही एकाच आकड्यात जिरून जातात, आणि तक्रार घेऊन येतो तो पहिला. शिवाय सहा महिने हा काळ थोडा आहे. ब्रिटनमधील सुमारे तीन लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या 2018 च्या अभ्यासात वजनवाढीचा धोका उपचाराच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी सर्वाधिक आढळला. नोंदींवरून केलेल्या अभ्यासाने कार्यकारण सिद्ध होत नाही हे मान्य. तरीही हरपलेली भूक परतायला काही आठवडे, फार तर काही महिने लागतात, ती तिसऱ्या वर्षी परतत नाही.

मिर्टाझापिनचे उदाहरण तर मला सगळ्यात बोलके वाटते. हे औषध मेंदूतील हिस्टामिन या द्रव्याचे ग्राही, म्हणजे ते जेथे जाऊन काम करते त्या जागा, अडवते, त्यामुळे झोप येते आणि भूकही वाढते. ज्याची झोप उडाली आहे आणि अन्न घशाखाली उतरत नाही, अशा रुग्णाला पुष्कळ डॉक्टर ते मुद्दाम निवडून देतात. औषध भूक वाढवते हा गुण ज्या चिठ्ठीत जमेस धरला जातो, तोच गुण रुग्णाने तक्रार म्हणून सांगितला की ‘तुमचे जेवण वाढले असेल’ असे उत्तर देता येत नाही.

आता दुसरा आक्षेप. हा खरा महत्त्वाचा आहे, कारण येथे चुकीचा निष्कर्ष काढला तर माणूस वर्षानुवर्षे नको असलेले औषध घेत राहू शकतो, किंवा उलट, परतलेल्या आजाराला औषध कमी केल्याचा त्रास समजून उपचाराविना राहू शकतो. दोहोंमधला फरक ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली खूण वेळेची: औषध कमी केल्याचा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो, आजार परतायला सहसा आठवडे किंवा महिने जातात. दुसरी खूण त्रासाच्या जातीची. मन उदास होणे, झोप बिघडणे, जीव घाबरणे हे दोन्हीकडे असते. पण भोवळ, मळमळ, फ्लूसारखी कणकण आणि डोक्यात करंट बसल्यासारखे होणारे झटके हे नैराश्याचे लक्षण नव्हे. हे झटके अनुभवलेली माणसे एक बारीकशी गोष्ट सांगतात, जी कुणी कल्पनेने रचून सांगेल असे मला वाटत नाही: मान न हलवता नजर झटकन बाजूला वळवली, की त्याच क्षणी डोक्यातून सळक जाते. तिसरी खूण अशी, की औषध पूर्वीच्या डोसवर नेले की हा त्रास पुष्कळदा एकदोन दिवसांतच निवतो, तर परतलेल्या नैराश्याला गोळीचा गुण यायला पुन्हा काही आठवडे द्यावे लागतात. या खुणा शंभर टक्के खात्रीच्या नाहीत. त्रास उशिरा सुरू झालेली आणि महिनोन् महिने टिकलेली उदाहरणेही आहेत. म्हणूनच हा निवाडा घरी बसून करण्यासारखा नाही.

आपला आक्षेप तपासून पाहणारा एक प्रयोग 1998 मध्येच झाला होता. नैराश्यातून सावरलेल्या आणि गोळ्या चालू असलेल्या लोकांना, नेमके केव्हा ते न सांगता, पाच ते आठ दिवस प्लासिबो म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी देण्यात आली. पॅरोक्सेटिन घेणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश लोकांना आणि सर्ट्रालिन घेणाऱ्या 60 टक्के लोकांना त्रास झाला. फ्लुओक्सेटिनवाल्यांत हे प्रमाण 14 टक्केच होते. हा आजार परतल्याचा परिणाम असता तर त्याने औषधाचे नाव पाहून माणसे निवडली नसती. खुलासा औषधाच्या शरीरातील मुक्कामात आहे. पॅरोक्सेटिनचे रक्तातील प्रमाण साधारण 21 तासांत निम्मे होते, व्हेनलाफॅक्सिनचे सुमारे 5 तासांत, तर फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारे द्रव्य कित्येक आठवडे रेंगाळते, म्हणजे ते आपोआपच हळूहळू उतरते.

हा त्रास किती जणांना होतो यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. 2019 च्या एका आढाव्याने निम्म्याहून अधिक असे सांगितले. 2024 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात औषध थांबवणाऱ्यांपैकी 31 टक्के आणि प्लासिबो थांबवणाऱ्यांपैकी 17 टक्के लोकांनी लक्षणे सांगितली, आणि तीव्र त्रासाचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. दिखाऊ गोळी थांबवूनही 17 टक्के लोकांना काही ना काही होते, हा आकडा आपल्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही. मात्र या विश्लेषणावर असाही आक्षेप घेतला गेला आहे, की त्यातील पुष्कळ लोकांनी औषध थोडाच काळ घेतले होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे गणित वेगळे असू शकते.

आजार परतण्याची भीती खोटी आहे असे मात्र मी कुठेही म्हटलेले नाही. 2021 च्या एका ब्रिटिश चाचणीत, बरे वाटत असलेल्या आणि दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या 478 जणांपैकी निम्म्यांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने थांबवल्या. वर्षभरात त्यांच्यातील 56 टक्के लोकांना नैराश्याने पुन्हा गाठले. गोळ्या चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. या आकड्यांत दोघांनाही शिकण्यासारखे आहे: थांबवण्यात जोखीम आहे, आणि तरीही थांबवलेल्यांपैकी 44 टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. या गोळ्यांचा उपयोग होतो, हेही मी मानते.

व्यसनाबद्दल आपण लिहिले आहे ते बरोबर आहे. या गोळ्यांची तलफ येत नाही, नशेसाठी कुणी डोस वाढवत नेत नाही. पण तलफ नाही म्हणून शरीराला सवयही होत नाही, हे त्यातून निघत नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी मी पूर्ण असहमत आहे. माझ्या नात्यातील एक बाई रोज रात्री पाकिटातून गोळी काढत आणि तोंडात टाकण्याऐवजी बेसिनमध्ये सोडून नळ उघडत. पाकिटातल्या गोळ्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत बरोबर कमी होत होत्या. वाढत्या वजनाविषयी त्यांनी डॉक्टरांना एकदा सांगून पाहिले होते, उत्तर मिळाले ते ‘खाणे आवरा’. काही दिवसांत त्यांना भोवळ येऊ लागली, कारण नसताना रडू फुटू लागले. घरच्यांना वाटले गोळी कमी पडते आहे, डॉक्टरांनाही तेच वाटले, आणि जी गोळी पोटात जातच नव्हती तिचा डोस वाढवून देण्यात आला. या बाईंनी कुठलाही लेख वाचलेला नव्हता. त्यांची गोळी सुटली ती तक्रार ऐकणारे कुणी भेटले नाही म्हणून, आणि एकदम थांबवल्यास काय होते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते म्हणून.

डॉक्टरांच्या खोलीतच राहावे असे आपण ज्या ज्ञानाविषयी म्हणता, त्यातले बरेचसे त्या खोलीत बाहेरून आलेले आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका 2009 पासून सांगत होती, की हा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप ओसरतो. रुग्ण मात्र वेगळेच सांगत राहिले. तेथील ‘रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स’ या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये आपली भूमिका बदलली, त्याच वर्षी ‘नाइस’ने तो मजकूर सुधारला, आणि 2022 च्या नव्या मार्गदर्शिकेत डोस टप्प्याटप्प्याने आणि आधीच्या डोसच्या प्रमाणात कमी करत नेण्याची पद्धत सविस्तर दिली.

ही पद्धत नीट समजून घ्यावी, कारण पुष्कळ प्रयत्न फसतात ते येथे. 20 मिलिग्रॅमचे 10, मग 5, मग बंद, हा उतार कागदावर सौम्य दिसतो. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या मापनांचा आधार घेत मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये वेगळेच चित्र मांडले. सिटालोप्राम या नैराश्यावरील औषधाची 20 मिलिग्रॅमची गोळी मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य वाहून नेणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के प्रथिने अडवते. डोस 9 मिलिग्रॅमवर आणला तरी जवळजवळ 70 टक्के अडलेलीच असतात, आणि 5 च्या आसपास 60 टक्के. म्हणजे पहिल्या 15 मिलिग्रॅममध्ये उतरतात ते वीसेक टक्के आणि शेवटच्या 5 मध्ये एकदम साठ. जिन्याच्या वरच्या पायऱ्या वीतभर आणि शेवटची पुरुषभर, असा हा प्रकार आहे. ‘एवढीशी तर गोळी राहिली आहे, आता सोडून देऊ’ असे म्हणणारा माणूस नेमका त्या पायरीवर उभा असतो. म्हणून टोकाशी टप्पे अधिकाधिक लहान करावे लागतात, आणि जेथे औषध द्रवरूपात मिळते तेथे ते मोजून घेता येते. गोळ्या घरच्या घरी मोडू मात्र नयेत, कारण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी मोडली तर सगळे औषध एकदम सुटू शकते.

आता आपल्या भावाविषयी. पॅरोक्सेटिन हे वजन वाढवण्यात आणि बंद करताना त्रास देण्यात पुढे असलेल्या औषधांपैकी एक आहे, म्हणून त्याची तक्रार रास्त आहे आणि त्याचा उपाय अयोग्य आहे. एक दिवसाआड गोळी घेण्याचा सोपा मार्गही त्याने धरू नये. पॅरोक्सेटिन इतक्या लवकर उतरते, की एक दिवसाआड घेणे म्हणजे एक दिवसाआड त्रास ओढवून घेणे होय. गोळी केव्हा सुरू झाली, तेव्हा वजन किती होते, आज किती आहे, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून त्याने डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडसारखे दुसरे कारण तपासले आहे का, वजनावर कमी परिणाम करणारे औषध त्याला चालेल का, आणि गोळी कमीच करायची ठरली तर टप्पे किती लहान ठेवायचे व मध्येच त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे त्याने तेथे स्पष्ट विचारावे. पूर्वी आजार किती तीव्र होता यावरही पुष्कळ अवलंबून असते, आणि ते त्याच्या डॉक्टरांनाच ठाऊक असेल. वजनाची तक्रार तेथे पुन्हा हसण्यावारी नेली गेली, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचे मत घेण्यात गैर काही नाही. डोस बदलण्याच्या काळात कमालीची अस्वस्थता आली किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी, आणि ही गोष्ट त्याच्याइतकीच आपल्यालाही माहीत असू द्यावी. तोपर्यंत गोळी नेहमीच्या वेळेला चालू ठेवावी, आणि भेटीच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या घरात आहेत ना, ते आजच पाहून घ्यावे.