पास ‘वसूल’ करण्याच्या नादात

महिना बदलायला आला की माझं एक गणित सुरू होतं. बसचा पास काढायचा की रोज तिकीट घ्यायचं? गणित तसं चौथीतल्या पोराला जमेल असं. पासाच्या किमतीला एका फेरीच्या तिकिटाने भागलं, उत्तर आलं ४०. कामाचे दिवस २२, जाऊन-येऊन ४४ फेऱ्या. म्हणजे वरच्या चार फुकट! काढा पास.

असं करत मी सलग सात महिने पास काढला. मग एका रविवारी काही उद्योग नव्हता म्हणून कार्डावरच्या फेऱ्यांची यादी उघडली आणि बोटाने एकेक मोजत बसले. सातपैकी पाच महिन्यांत चाळिशीसुद्धा गाठलेली नव्हती. एका महिन्यात तीन दिवस घरून काम केलेलं, तिथेच सहा फेऱ्या गेल्या. एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीने गाडीतून सोडलं, ती सातवी. राहिल्या ३७. भागाकार चुकला नव्हता, त्यात घातलेला ४४ हा आकडाच खोटा होता. ४४ फेऱ्या करणारी बाई कधी आजारी पडत नाही, तिच्याकडे पाहुणे येत नाहीत, तिला कोणी लिफ्ट देत नाही. ती बाई आमच्या घरात राहत नाही.

हे फक्त माझंच होतं असंही नाही. २००६ साली डेलाविन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जिमच्या सभासदांवर एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याची ठोक फी भरणाऱ्यांना एकेक खेप १७ डॉलरपेक्षा महाग पडत होती. त्याच जिममध्ये दहा खेपांचं कार्ड घेतलं असतं तर १० डॉलरमध्ये भागलं असतं. माणूस पास काढतो तो उद्याच्या शहाण्या, नियमित स्वतःसाठी. वापरायला येतो तो आजचा.

म्हणून माझं सरळ मत आहे, पुढच्या महिन्याचा अंदाज बांधूच नका. मागच्या दोन महिन्यांत खरंच किती फेऱ्या झाल्या ते मोजा. मोजतानाही दोन ठिकाणी पाय घसरतो. बस आणि मेट्रो मिळून एकच तिकीट चालत असेल, तर ती एक फेरी धरायची, दोन नाहीत. आणि पैसे भरलेल्या कार्डावर तिकिटाला सूट मिळत असेल, तर भागाकार त्या सवलतीच्या दराने करायचा. मी काउंटरवरच्या पूर्ण दराने करत होते, त्यामुळे पास उगाचच स्वस्त दिसत होता. शिवाय पास कोणत्या गाड्यांना चालत नाही, तेही आधी वाचलेलं बरं. मी ते जलद बसमध्ये चढल्यावर वाचलं.

आता ‘वसूल’ या शब्दाबद्दल. पास हातात आला की हा शब्द डोक्यात शिरतो. एका महिन्याच्या शेवटी माझ्या ३६ फेऱ्या झाल्या होत्या, तर मी दोन संध्याकाळी काही काम नसताना बसने बाजारापर्यंत गेले आणि आले. चार फेऱ्या, झाले ४०, पास वसूल! घरी येऊन चपला काढताना लक्षात आलं की आपण दोन संध्याकाळी उभ्याने धक्के खाल्ले आणि त्यातून दमडीही परत आली नाही. पासाचे पैसे एक तारखेलाच गेले होते. ज्या फेरीसाठी मी खिशातून तिकीट काढलंच नसतं, तिची किंमत तिकिटाएवढी कशी धरणार?

पण (इथे माझीच पंचाईत होते) पासाचं एक सुख या हिशोबात मावत नाही. पास असला की चुकीच्या बसमध्ये चढायची भीती जाते. तुडुंब भरलेली गाडी सोडताना, मध्येच उतरून औषधं घेऊन पुढची बस पकडताना मन कचरत नाही. पास नसताना तीच मी दोन थांब्यांसाठी भर उन्हात चालत जाते, तिकीट वाचवलं म्हणून, आणि मग घामाघूम होऊन वैतागते. या निवांतपणासाठी दोन-तीन फेऱ्यांचे पैसे जास्त गेले तर मी तक्रार करणार नाही. दहा फेऱ्यांचे गेले तर करीन. वर्षाच्या पासाच्या वाटेला मात्र मी जात नाही. बारा महिने आपलं ऑफिस, घर आणि तब्येत जागच्या जागी राहील, एवढी खात्री मला नाही.

खरं तर ही डोकेफोड प्रवाशाच्या गळ्यात असायचं कारणच नाही. लंडनमध्ये २००५ पासून ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. त्या आकड्यापर्यंत पैसे कापले जातात, पुढचा प्रवास त्या दिवसापुरता फुकट. २०१४ मध्ये बँकेच्या कार्डाने थेट प्रवास बसपाठोपाठ भुयारी रेल्वेतही सुरू झाला, तेव्हा सोमवार ते रविवार अशी आठवड्याची मर्यादाही आली. आधी पैज लावायची गरज नाही, हिशोब यंत्र करतं. जिथे अशी सोय असेल तिथे पासाचा विचार करण्याआधी ती बघा.

या महिन्यात मी मोठ्या निश्चयाने पास काढला नाही. रोजची तिकिटं एका रिकाम्या डबीत टाकतेय. काल रात्री मोजली. ३३ निघाली, आणि महिन्याचे नऊ दिवस अजून बाकी आहेत. नवरा काही बोलला नाही, फक्त डबीकडे बघून हसला.