भरलेल्या हौद्यात जॅक हाताला लागतो का? पिकअपच्या सामानाबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

पिकअपमधली हत्यारं कशी लावावीत या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टोमॅटोच्या हंगामात गाडी शिवारातून नारायणगावच्या मार्केटला आणि कधी वाशीला जाते, हौदा क्रेटांनी गच्च असतो. अशा गाडीत लाकडी ड्रॉवर बसवायला सांगणं हा हौशी माणसाचा सल्ला झाला. सीटमागे एक गोणी टाकली की जॅक आणि पाने मावतात. पेटीमुळे दोन क्रेट माल कमी भरावा लागतो, पेटी फोडून चोरी होते, आणि ड्रायव्हर बदलत राहतात म्हणून काही जागेवर राहतच नाही.

ड्रॉवरबद्दल तुमचं बरोबर आहे. तो सल्ला मागे घेतो. हौद्याच्या तळात ड्रॉवर बसवला तर तो फाळका (हौद्याचं मागचं दार) पाडल्याशिवाय उघडत नाही, आणि फाळका पाडला की शेवटची रास खाली येते. शिवाय फुटलेल्या टोमॅटोचा रस आणि हौदा धुतानाचं पाणी प्लायवूडच्या कडांतून आत शिरतं, प्लाय फुगतो, ड्रॉवर अडकतो. ती रचना रिकाम्या गाडीकडे बघून सुचवली होती, आणि भाजीपाल्याची गाडी हत्यारं लागतात तेव्हा बहुतेक वेळा भरलेली असते.

पण गोणीचं म्हणणं पटत नाही. गोणीत जड वस्तू तळाला जाते आणि तीच सगळ्यात आधी लागते. पंक्चर झाल्यावर जॅक काढायला गोणी रस्त्यावर उपडी करावी लागते, आणि रात्री मातीत सांडलेला फ्यूज सापडत नाही. दुसरं, खडबडीत रस्त्यावर जॅक आणि टॉमी (लोखंडी दांडा) गोणीत सतत आदळत राहतात. हेडलाइटचा सुटा बल्ब त्यांच्यासोबत असेल तर आतली तार तुटते आणि ते बल्ब लावेपर्यंत कळत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. गोणी सीटच्या पाठीपेक्षा वर आली किंवा शेजारच्या सीटवर ठेवली, आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी कशाला धडकून एकदम अडली, तर गोणी त्याच वेगाने पुढे जाते. ४ किलोचा जॅक त्या वेगाने लागणं म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, अंगावर पडण्यासारखं. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पायाखाली अडकली तर तेवढ्यानेही घात होतो. म्हणून केबिनमध्ये काय ठेवायचं यापेक्षा काय सुटं राहू द्यायचं नाही हे आधी ठरवावं.

मांडणी ठरवताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: हौदा भरलेला, रात्र, पाऊस, बाजूने गाड्या जात आहेत, अशा वेळी ही लागणार का? लागणार असेल तर ती हौद्याबाहेर आणि डाव्या बाजूला हवी, कारण आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते आणि वाहनांच्या बाजूला उभं राहून पेटी उघडणं धोक्याचं आहे. या कसोटीवर ताडपत्री आणि दोर आपोआप बाजूला होतात. गाडी भरलेली असते तेव्हा ते मालावरच असतात. त्यांना जागा लागते ती परतीच्या रिकाम्या फेरीत. ताडपत्रीसाठी तुमचाच एक रिकामा क्रेट वापरा, हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, केबिनच्या जाळीला बांधून. त्याला सगळीकडून भोकं असतात, त्यामुळे पाणी निथळतं. ओली ताडपत्री घडी घालून सीटमागे ठेवली की कापडी असेल तर बुरशी धरते, प्लास्टिकची असली तरी केबिनच्या पत्र्याला ओल लागून गंज चढतो. दोराची गुंडाळी करून मधोमध दोन वेढे मारून ठेवावी; नुसता कोंबलेला दोर सोडवण्यात घाईच्या वेळी हमखास वेळ जातो.

आता पेटी. ती हौद्याखाली, चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत टांगायची. मोठ्या ट्रकला असते तशीच, आकाराने लहान. ६० सेंटीमीटर लांब, ३० उंच, ३० खोल पुरते. १८ गेजचा पत्रा घ्या, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. एवढ्या पेटीला पत्र्याचं वजन साडेआठ किलोच्या आसपास येतं, बिजागऱ्या आणि अँगल धरून ११ किलो. १६ गेज घेतला तर नुसता पत्राच ११ किलोंवर जातो आणि उपयोग काही वाढत नाही.

पेटी चासीला वेल्डिंग करू नका, आणि चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवीन भोक तर अजिबात पाडू नका. भार पेलताना सगळ्यात जास्त ताण त्याच पट्ट्यांवर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. चासीच्या उभ्या बाजूला कंपनीची भोकं असतात, ती वापरा, किंवा चासीभोवती क्लॅम्प घाला आणि मध्ये रबराची पट्टी ठेवा. बोल्ट १० मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) कोरलेले, आणि नट नायलॉनवाले. साधा नट कंपनाने सुटतो. पहिल्या आठवड्यानंतर एकदा सगळे बोल्ट पुन्हा आवळा, रबर दबल्यावर ते सैल होतात. गाडीवर दुसरं कुठलं वेल्डिंग करून घेणार असाल तर आधी बॅटरीच्या तारा काढायला सांगा, नाहीतर इंजिनाचा कंट्रोल युनिट जळू शकतो.

सायलेन्सरपासून पेटी किमान १५ सेंटीमीटर दूर हवी. पेटीचा तळ गाडी भरलेली असताना जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या वर राहिला पाहिजे. माप रिकाम्या गाडीवर घेऊ नका; माल चढला की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात आणि शेताच्या बांधावर पेटी घासते. हौद्याच्या बाजूच्या रेषेबाहेर ती बोटभरही येऊ देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये गाडीबाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. पेटी म्हणजे माल नव्हे हे खरं, पण तो वाद रात्री रस्त्यावर कशाला घालायचा?

दाराची बिजागरी खाली ठेवा. दार उघडलं की त्याचंच ताट होतं, काढलेली हत्यारं आणि नट त्यावर राहतात, चिखलात जात नाहीत. मात्र अशा दाराला वरच्या फटीतून पाणी शिरतं, म्हणून पेटीच्या छताचा पत्रा २ सेंटीमीटर पुढे काढून खाली वळवा, घराच्या वळचणीसारखा. तळाच्या मागच्या दोन कोपऱ्यांना ८ मिलिमीटरची भोकं पाडा. भोकं नसलेल्या पेटीत पावसाळ्यात पाणी साठतं आणि पाने लाल होतात.

आत काय असावं ते सांगतो. हायड्रॉलिक बॉटल जॅक, ५ टनी, उभाच बसेल अशा कप्प्यात. आडवा ठेवला आणि त्याचा व्हॉल्व्ह थोडा ढिला राहिला की तेल झिरपतं, आत हवा शिरते, आणि ऐन वेळी दांडा हलवत बसलं तरी जॅक वर येत नाही. ठेवताना तो पूर्ण खाली बसवून व्हॉल्व्ह बंद करायचा. जॅकबरोबर ३० बाय ३० सेंटीमीटरची, ४ सेंटीमीटर जाडीची बाभळीची फळी हवीच. जॅकचा तळ १० बाय १२ सेंटीमीटर धरला तर १२० चौरस सेंटीमीटर होतात; चाकावरचा १,००० किलोचा भार त्यावरून जमिनीत उतरला तर दर चौरस सेंटीमीटरला ८ किलोंपेक्षा जास्त दाब येतो आणि ओल्या काळ्या मातीत जॅक रुतून तिरपा होतो. फळी ९०० चौरस सेंटीमीटरची, दाब सव्वा किलोच्या आत. चाकांना लावायच्या दोन लाकडी पाचरी याच कप्प्यात.

चाकाच्या पान्यासोबत ५५ सेंटीमीटरची जाड लोखंडी नळी ठेवा, पान्याच्या दांड्यावर चढेल एवढ्या व्यासाची. ३५ सेंटीमीटरच्या दांड्यावर ४० किलोचा जोर दिला तर नटावर १४ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) पीळ येतो. नळीमुळे लांबी ८० सेंटीमीटरपर्यंत गेली की तोच जोर ३२ देतो आणि गंजलेला नट सुटतो. नळी फक्त सोडवायला वापरायची. तिने आवळलं तर बोल्टाचा आटा जातो. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा वेढा ढिले करावेत, बसवताना समोरासमोरचे आवळावेत, आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघावेत.

पान्यांचा पूर्ण संच नको. १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ आणि १८-१९, एवढी पाच, एक पक्कड, उलटसुलट होणारा पेचकस, हातोडी, टेस्ट लॅम्प (वायरमध्ये करंट आहे का बघायचा दिवा), २ मीटर वायर, चिकटपट्टी आणि होजच्या तीन-चार क्लिपा. हे सगळं कॅनव्हासच्या खिशांच्या गुंडाळीत, तेलाचा हात फिरवून. जंप केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायची तार) घ्यायची तर तांब्याची, २५ चौरस मिलिमीटर जाडीची. बारीक तारेवर जाड प्लास्टिक चढवलेल्या केबलने डिझेल इंजिन फिरत नाही, केबलच तापते.

केबिनमध्ये राहतं ते थोडंच. फ्यूज आणि बल्ब स्पंज घातलेल्या डब्यात: १०, १५, २० आणि ३० अँपिअरचे प्रत्येकी दोन फ्यूज, तुमच्या हेडलाइटला बसत असेल तर एच-४ चा ६०/५५ वॅटचा एक बल्ब, मागच्या दिव्याचा २१/५ वॅटचा एक. एच-४ च्या काचेला बोट लावू नये, तेलकट डागाशी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो. फ्यूज संपले म्हणून तार गुंडाळणं बंद करा. १५ अँपिअरला उडायला हवा तो फ्यूज उडत नाही आणि त्याच्याऐवजी वायरिंग पेटतं. डोक्याला बांधायची बॅटरी डब्यातच ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. अग्निशामक २ किलोचा एबीसी पावडरचा, आयएसआय खुणेचा, डाव्या दाराजवळ क्लॅम्पमध्ये. महिन्यातून एकदा तो काढून उलटा-सुलटा हलवावा, गाडीच्या कंपनाने पावडर तळाला घट्ट बसते आणि काटा हिरव्यात असूनही बाहेर येत नाही. धोक्याचा त्रिकोण सीटमागे सपाट. तो गाडीपासून किमान ५० मीटर मागे लावायचा, माळशेजसारख्या घाटात वळणाच्या अलीकडे, धुक्यात तर आणखी मागे. टाटा एससारख्या ज्या गाड्यांचं इंजिन सीटखाली असतं, तिथे सीटखाली स्प्रेचे डबे ठेवू नका.

वजनाचा तुमचा हिशेब चुकलेला नाही. पेटीसह सगळं मिळून ४५ किलोंच्या आसपास जातं, २० किलोचे दोन क्रेट आणि वर थोडं. पण त्यातला जॅक, पाना, ताडपत्री, दोर आणि पट्टे तुम्ही आजही नेता. ते १५ किलो. नवीन भर पडते ती पेटी, फळी-पाचरी, अग्निशामक, ५ लिटर पाणी आणि किरकोळ वस्तूंची. म्हणजे दीड क्रेट. ते जागा अडवत नाही, कारण हौद्याबाहेर आहे.

चोरीचं म्हणाल तर बाहेरच्या पेटीत महाग काही ठेवूच नका. कोयंडा पत्र्याच्या खोबणीत आत बसवा, म्हणजे कुलपात पहार घालायला जागा मिळत नाही. सगळ्या हत्यारांच्या दांड्यांना एकच ठळक रंग द्या, भंगारात विकताना ओळख लपत नाही. खाली टांगलेल्या स्टेपनीलाही साखळी आणि कुलूप हवं. मात्र तिच्या केबलला दर महिन्याला ग्रीस लावा आणि कुलपाला तेल द्या, नाहीतर दोन्ही गंजून बसतात आणि स्टेपनी तुमच्याच हाताला येत नाही.

ड्रायव्हर बदलतात, यावर एक साधा इलाज आहे. पेटीच्या आत प्रत्येक वस्तूमागे तिच्या आकाराचं पांढरं चित्र रंगवा. वस्तू नसेल तर चित्र उघडं पडतं, यादी वाचावी लागत नाही. गाडी सोपवताना दार उघडून पाच सेकंद बघायचं. जिथे आकार रंगवला आहे तिथे नवा माणूसही वस्तू त्याच जागी ठेवतो, कारण दुसरीकडे ती बसतच नाही.

डाव्या बाजूला डिझेलची टाकी असेल तर टाकी आणि मागचं चाक यांतलं अंतर आधी मोजा. ५० सेंटीमीटर मिळालं तर पेटी ४५ ची करा. नळी तिच्यात मावणार नाही, ती सीटमागे आडवी दोन क्लॅम्पांत बसवा. ४० पेक्षा कमी असेल तर पेटी उजव्या बाजूला टाका, पण मग त्रिकोण लावल्याशिवाय ती उघडायची नाही. अंतर आणि गाडीचं मॉडेल इथे लिहा, दाराची उंची त्याप्रमाणे सांगतो.