‘फोर-स्ट्रोक घ्या, ऑइल बदला आणि विसरा’ : डर्ट बाइकच्या बाबतीत हे खरं नाही

डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यावर आणि मातीत चालवायची गाडी, घ्यायच्या विचारात असलेल्या पोरांमध्ये एक मजकूर सतत फिरतोय. त्याचा सारांश असा : टू-स्ट्रोक (क्रँकच्या दर फेरीला पेटणारं, व्हॉल्व्ह नसलेलं साधं इंजिन) सतत उघडावी लागते, कधीही जाम होते, पेट्रोल आणि ऑइल पिते. फोर-स्ट्रोकला (दोन फेऱ्यांत एकदा पेटणारं, व्हॉल्व्हचं इंजिन) वेळेवर ऑइल घाला, पुढे वर्षानुवर्षं बघायला नको. शर्यतीतसुद्धा सगळे फोर-स्ट्रोकच चालवतात, यातच काय ते आलं. या भरवशावर कुणी जुनी 250 सीसी मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी, उचलतो आणि पहिल्याच मोठ्या कामाला गाडी कोपऱ्यात पडते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुळात हा मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिरो एक्सपल्स 200 सारखी गाडी असावी. तिच्याबाबत त्याचं म्हणणं मला मान्य आहे. 199.6 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 19 अश्वशक्ती, तीही साडेआठ हजार आरपीएमला. इंजिनावर ताण नाही, म्हणून ते टिकतं. केटीएमची मोटोक्रॉस 250 एसएक्स-एफ फक्त 50 सीसीने मोठी, पण ताकद दुपटीहून जास्त आणि इंजिन फिरतं 14,000 आरपीएमपर्यंत. दोन्ही फोर-स्ट्रोकच. पण एकीच्या देखभालीचा हिशेब दुसरीला लावणं ही सरळ फसगत आहे.

आता ‘सतत उघडावी लागते’ हा मुद्दा. टू-स्ट्रोकचा पिस्टन ठरावीक तासांनी बदलावा लागतो, हे खरंच. पण होंडाच्या सीआरएफ 250 आर या फोर-स्ट्रोक मोटोक्रॉसचं मॅन्युअल उघडून बघा. पिस्टन आणि रिंगा दर 6 शर्यतींनी किंवा सुमारे 15 तासांनी बदला, असं त्यात छापलेलं आहे. तास, किलोमीटर नव्हे! हौशी चालवणाऱ्याचा पिस्टन त्याहून बराच जास्त चालतो, पण ‘वर्षानुवर्षं बघायला नको’ हे कंपनीने कुठेही म्हटलेलं नाही.

खरा फरक उघडल्यावर कळतो. टू-स्ट्रोकमध्ये कूलंट काढा, एक्झॉस्ट सोडवा, हेड उचला, सिलिंडर वर ओढा, की पिस्टन समोर. पिस्टन, रिंगा, पिन, नीडल बेअरिंग, सर्क्लिपा, गॅस्केट, एवढ्यात सामानाची यादी संपते. थोडा हात बसलेला माणूस हे काम घरी एका संध्याकाळी करतो. फोर-स्ट्रोकमध्ये वर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, त्याला फिरवणारी टायमिंग चेन आणि चार-चार व्हॉल्व्ह बसलेले. जोडताना टायमिंगची खूण चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

व्हॉल्व्हवर जरा थांबायला हवं, कारण मोठं बिल तिथेच तयार होतं. रेसिंग फोर-स्ट्रोकमध्ये वजन वाचवायला व्हॉल्व्ह बहुधा टायटॅनियमचे असतात आणि त्यांच्या कडेवर कठीण पण अगदी पातळ थर असतो. एअर फिल्टरमधून बारीक धूळ शिरली की हा थर घासला जातो, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर सरकतो आणि कॅम व व्हॉल्व्हमधला गॅप कमी होत जातो. पहिली खूण म्हणजे थंड इंजिन किक मारून मारून सुरू होत नाही. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घातलं की गॅप राहिलेला नाही हे दिसतं. मेकॅनिक पातळ शिम (गॅप जुळवायची चकती) टाकतो, गाडी पुन्हा छान सुरू होते आणि मालकाला वाटतं काम झालं. पण थर एकदा गेला की शिम टिकत नाही. काही तासांत गॅप पुन्हा बंद. तसंच रेटलं आणि व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं, तर पिस्टन, हेड, सिलिंडर आणि कधी क्रँकसुद्धा, सगळं एकाच दिवशी जातं.

‘टू-स्ट्रोक कधीही जाम होते’ याला बहुतेक वेळा कारण सापडतं. जेटिंग पातळ (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येतंय), क्रँकचं सील गळून हवा ओढली जातेय, नाहीतर टाकीत ऑइल मिसळायचंच राहिलं. यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स 100 मध्ये ऑइलची वेगळी टाकी आणि पंप होता, त्यामुळे हाताने ऑइल मिसळायची सवय अनेकांना लागलेलीच नाही. त्या गाडीचा आणखी एक समज इथे मारक ठरतो. तिचा जाम झालेला सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता यायचा. आजच्या मोटोक्रॉसच्या सिलिंडरवर आतून मुलामा असतो. तो खरवडला गेला तर नुसतं बोअर करून भागत नाही, पुन्हा मुलामा चढवावा लागतो किंवा सिलिंडरच नवा. म्हणजे टू-स्ट्रोकही निष्काळजीपणाला माफ करत नाही. तिची हवा तर क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे घाणेरड्या फिल्टरची धूळ पिस्टनसोबत क्रँकची बेअरिंगंही खाते.

टू-स्ट्रोकला पेट्रोल जास्त जातं, मान्य. ऑइलचं म्हणाल तर 40 ला 1 प्रमाणात लिटरमागे 25 मिलि लागतं. उलट रेसिंग फोर-स्ट्रोकच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं आणि तेही दर काही तासांनी बदलावं लागतं. हा खर्च त्या मजकुरात धरलेलाच नाही.

राहिला शर्यतींचा दाखला. 1997 मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये (स्टेडियममधली मोटोक्रॉस) डग हेन्रीने यामाहाची फोर-स्ट्रोक जिंकून दाखवली आणि 1998 मध्ये वायझेड 400 एफ बाजारात आली. पुढे नियम असा बसला की 125 टू-स्ट्रोकच्या गटात 250 फोर-स्ट्रोक आणि 250 च्या गटात 450. जवळपास दुप्पट इंजिन मिळाल्यावर कारखान्यांचे संघ तिकडेच जाणार. त्यात टिकाऊपणाचा निकाल कुठे लागला? आणि ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या खडकाळ चढावरच्या शर्यतीत 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं मॅन्युएल लेटनबिखलर जिंकला तो केटीएमच्या 300 सीसी टू-स्ट्रोकवर.

शनिवार-रविवार डोंगरात फिरायचं असेल तर एक्सपल्स किंवा तशीच साधी फोर-स्ट्रोक घ्या, खुशाल. मोटोक्रॉसच हवी आणि काम घरी करायचं असेल, तर माझं मत टू-स्ट्रोकला. जुनी रेसिंग फोर-स्ट्रोक बघायला जाल तेव्हा आधी कळवा की इंजिन थंड ठेवा, तुमच्यासमोर सुरू करायला लावा, तासांचं मीटर बघा आणि व्हॉल्व्हचे गॅप शेवटचे कधी मोजले, किती आले, हे विचारा. मालकाकडे आकडे नसतील तर हेडच्या पूर्ण कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.